पापलेटचं पोर आणि मांदेलीची आजी

चंदीगड,
२ ऑगस्ट

प्रिय बायो,

तुझं पत्र पोचलं. तिकडे कॅनडात सेंट जॉन्सच्या दुकानांत कॉड पुन्हा दिसायला लागलाय, तो घ्यावा की घेऊ नये असं विचारलंयस, आणि खाली 'तुला तिकडे डोंगराच्या पायथ्याशी मासे तरी कुठले मिळतात?' असंही. आधी खालच्या प्रश्नाचं सांगते. तुझ्या कॉडकडे मग वळते, कारण त्यावर माझं मत ठाम आहे आणि ते नीट सांगायला जरा जागा लागेल.

अगं, मासे भरपूर मिळतात इथे. सेक्टर ४१ मध्ये मासळीचा बाजार आहे. तिथे रोहू, कटला, मृगळ तर असतातच. सिंघाडा असतो, भाक्राच्या जलाशयातला सिल्व्हर कार्प असतो. थंडी पडली की पंजाबी घरांतून ओवा आणि बेसन लावून तळलेल्या माशाचा वास गल्लीभर येतो. आणि थर्माकोलच्या पेट्यांतून, बर्फात पुरलेली, आपली मंडळीही येतात: सुरमई, पापलेट, कोळंबी. कुठलाही समुद्र इथून हजारएक किलोमीटर लांब आहे. तरीही वेरावळला किंवा ससून डॉकला उतरलेली मासळी दिल्लीमार्गे इथल्या फळीवर येऊन पडते. म्हणून मला वाटतं, किनारा सोडला म्हणून किनाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. उलट इथलं गिऱ्हाईक जास्त निर्धास्त असतं. त्याने कधी होडी परत येताना पाहिलेली नसते, त्यामुळे फळीवर काय नसायला हवं होतं ते त्याला कळतच नाही.

इथे सगळ्यात जास्त काय दिसतं सांगू? तळहाताएवढी पापलेटं. हॉटेलवाल्यांना तीच हवी असतात, कारण तंदुरीतून काढून अख्खी ताटलीत मावतात. एक माणूस, एक मासा, एक ताटली. आणि मला ती पाहून पोटात कालवतं, कारण ती पोरं आहेत. एकदाही अंडी न घातलेली. आपल्याकडच्या कोळणी माशाकडे बघून सांगायच्या की हा अजून वाढायचा होता. इथे ते सांगणारं कुणी नाही.

माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे, बायो: लहान जातीचा मासा आणि लहान वयाचा मासा यांत फरक करायला शिकलं पाहिजे. मांदेली बोटभरच असते, जवळा तर नखाएवढा. पण ती पूर्ण वाढलेली असतात, प्रजा वाढवून मोकळी झालेली असतात. ताटातली मांदेली आजी असू शकते, आणि शेजारचं तिच्यापेक्षा दुप्पट मोठं पापलेट तिच्या मानाने पाळण्यातलं पोर. आकाराला फसून आपण पोर महाग किमतीला घेतो आणि आजीला 'गरिबाचा मासा' म्हणून बाजूला सारतो. बांगडा, तारली, बोंबील, मांदेली हे झटपट वाढतात, लवकर विणीला येतात. त्यांना वाव दिला तर त्यांची भर निघते. घोळ, वाम, मुशी यांचं तसं नाही. मुशी तर अंडीसुद्धा घालत नाही, पिल्लांना जन्म देते आणि तीही मोजकीच. मला मुशीचं सुकं किती आवडतं ते तुला माहीत आहे. तरी आता मी मुशी घेत नाही.

महाराष्ट्रात याबद्दल कायदाही झाला. केरळने २०१५ मध्ये वाट दाखवली आणि २०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने ५४ जातींसाठी कमीत कमी किती लांबीचा मासा पकडता येईल ते ठरवून दिलं. त्यात पापलेट आहे, बोंबील आहे, सुरमई आहे, खेकडे आणि कोळंबीसुद्धा आहेत. त्याच महिन्यात पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झालं. सातपाटीच्या मच्छीमारांनी त्याचा आग्रह धरला होता. ज्यांच्या गावाची ओळखच पापलेटमुळे आहे त्यांनीच ही हाक दिली, यातच सगळं आलं. पापलेटचं पिल्लू बहुतेक वेळा मुद्दाम पकडलेलं नसतं गं. बोंबील आणि जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्याच्या बारीक आसात ते येऊन अडकतं. डोल भरतीओहोटीच्या ओढीवर चालते, उधाणाला जोर, भांगाला शांत. पाण्यासोबत जे वाहत येईल ते पिशवीत जातं, तिला निवड करता येत नाही. ट्रॉलरच्या जाळ्याचंही तसंच. म्हणून शेपटाकडे चौकोनी आसाचं जाळं लावा असं शास्त्रज्ञ सांगतात. नेहमीचा तिरका आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि लहान मासा निसटतो. जाळ्यातला एवढासा बदल, पण तो करायला पैसे लागतात, आणि लहान मासळीचे पैसे बुडतात ते वेगळेच. ते पैसे गिऱ्हाईकाने द्यायचे की मच्छीमाराच्याच माथी मारायचे? माझं मत, आपण द्यायचे. मोठा, वयात आलेला मासा महाग मिळाला तर महागच घ्यावा आणि महिन्यातून कमी वेळा खावा.

काल नवा हंगाम उघडला. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते. पूर्वी आपल्याकडे ती नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत चालायची, आणि आजही किनाऱ्यावरचे कितीतरी लोक म्हणतात की तेच बरं होतं. मलाही तसंच वाटतं. समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही रीत कुणी शास्त्रज्ञाने घालून दिलेली नव्हती, पण खवळलेला समुद्र आणि माशांची वीण दोन्ही तिच्या पोटात होती. आणि आपल्या घराघरांतला श्रावण! व्रत म्हणून पाळलेला, पण बाजारातली मागणी बरोबर त्याच दिवसांत खाली आणणारा. मी इथेही श्रावण पाळते. शेजारच्या सरदारीणबाईंना मंगळवारी मासे न खाणं पटतं, पण महिनाभर मासे बंद म्हटलं की त्या हळहळतात आणि माझ्यासाठी राजमा पाठवतात.

पण आपल्याच रीतींत दुखरी जागाही आहे. पहिला पाऊस पडला की शेतांतून, ओढ्यांतून वलगणीचे मासे चढायचे, आठवतं? पोटं गाबोळीने टम्म फुगलेली, अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघालेली. आणि सगळं गाव टोपल्या, झोळ्या, हाताला येईल ते घेऊन बांधावर. उत्सवच तो. त्या मौजेत काही खोट होती असं मी म्हणत नाही. गाव लहान होतं, ओढे मोकळे होते, खाणारी तोंडं मोजकी होती. आता ओढ्यावर बंधारे आले, शेतांत औषधं आली, आणि त्याच रात्री पकडलेली वलगण दुसऱ्या दिवशी शहरात विकायला जाते. तेव्हा चालून गेलं ते आता चालणार नाही. गाबोळीची तळलेली तुकडी मला आजही खुणावते. पण विणीच्या दिवसांतल्या भरल्या मादीला हात लावायचा नाही, एवढं मी ठरवलंय. लाखेच्या, म्हणजे अंड्यांनी भरलेल्या, चिंबोरीचंही तेच.

शिंगाळ्याची गोष्ट तुला सांगायचीच आहे. समुद्रातला शिंगाळा अंडी घालून निघून जात नाही. मादी अंडी देते आणि बाप ती आपल्या तोंडात धरून ठेवतो. गोट्यांसारखी मोठी अंडी. अंडी फुटून पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत तो काही खात नाही. अंडी तोंडात घेतलेल्या बापांचे थवेच्या थवे एकत्र फिरतात, आणि १९८०च्या आसपास कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी नेमके हेच थवे घेरले. बाप जाळ्यात, आणि तोंडातली अंडी डेकवर सांडलेली. पुढे काही वर्षांत तिथला शिंगाळा जवळजवळ संपला. ज्या माशाने आपली पोरं सांभाळण्यात सगळी ताकद घातली, त्याला ती ताकदच नडली. महाराष्ट्रात पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले, त्यामागे सोमवंशी समितीचा अहवाल होता. निर्बंध कागदावर आहेत, आणि रात्री एलईडीचे झगझगीत दिवे लावून थवे गोळा करण्यावरही २०१७ पासून बंदी आहे. तरी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांची आणि छोट्या होड्यांची तक्रार चालूच आहे की बंदी कागदावरच राहते. गोव्यात रापणकारांनी हीच लढाई सत्तरच्या दशकात मांडली होती. म्हणूनच मला वाटतं, नुसत्या कायद्यावर सोडून चालणार नाही. फळीसमोर उभ्या राहिलेल्या बाईच्या हातातही काहीतरी आहे.

आता मी इथे काय घेते ते सांगते, म्हणजे उपदेश करून मोकळी झाले असं होणार नाही.

सगळ्यात आधी गोविंदसागर, म्हणजे भाक्राचा जलाशय. सतलजवर भाक्रा धरण झालं, १९६३ मध्ये ते देशाला अर्पण झालं, आणि जुनं बिलासपूर गाव पाण्याखाली गेलं. विस्थापित झालेल्यांतली कित्येक कुटुंबं मासेमारीच्या सहकारी संस्थांत आली. पावसाळ्यात दोन महिने तिथेही मासेमारी बंद असते. १९७१ मध्ये मोठा पूर आला, देवलीच्या मत्स्यबीज केंद्रातले सिल्व्हर कार्प वाहून जलाशयात गेले, आणि मुळात चीनकडचा तो मासा तिथे असा काही रुजला की आज जाळ्यात मुख्यतः तोच येतो. कटला मागे पडला. आणि हिमालयातला सोनेरी महासीर, जो नदीतून वर चढून अंडी घालतो, त्याच्या वाटेत धरणाची भिंत उभी राहिली. तो आता जगभरात धोक्यात आलेल्या जातींत मोडतो. तेव्हा माझा हिशोब साधा आहे: महासीर कुणी आणून दिला तरी नको, सिल्व्हर कार्प पाहिजे तेवढा. तो पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, स्वस्त असतो, आणि त्याला कमी केल्याने कटल्याला जागाच होते. काटे फार आहेत, हे खरं. मी त्याला उभ्या बारीक चिरा पाडते, हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून तासभर ठेवते, मग तांदळाच्या पिठात घोळवून कडक तळते. बारीक काटे कुरकुरीत होऊन जातात. गोड्या पाण्याचा वासही आगळाने निघतो. कोकम मात्र गावाहून येतं, त्याला पर्याय नाही.

तळ्यातले रोहू-कटला-मृगळ मी निर्धास्त घेते. एकाच तळ्यात कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कोंडा आणि पेंड यावर वाढतात, त्यांच्यासाठी समुद्र उपसावा लागत नाही. कोळंबीचं गणित किचकट आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आठवते? तिचं एक केंद्र रोहतकजवळ लाहलीला आहे! कालव्यांच्या पाण्याने जमीन खारी होत गेली, पीक येईना, तेव्हा त्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवण्याचा प्रयोग तिथे झाला. पंजाबातही मुक्तसर, फाजिल्का या भागांत नापीक झालेल्या शेतांत आता कोळंबीची तळी आहेत. शेतकऱ्याच्या हाती पुन्हा काही आलं, याचा मला मनापासून आनंद होतो. पण त्या कोळंबीच्या खाद्यात माशाची भुकटी असते, आणि त्या भुकटीत आपल्या किनाऱ्यावर कुटी, म्हणजे टाकाऊ मासळी, म्हणून गेलेली पापलेटची, बांगड्याची पोरंही असू शकतात. म्हणून कोळंबी घरात सणापुरती.

एक मासा मात्र अजिबात घेऊ नये असं मी इथल्या सगळ्या मराठी बायकांना सांगत असते: थाई मागूर. तो मुळात आफ्रिकेतला, देशात त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे, कारण नदीत सुटला तर इथले मासे खाऊन फस्त करतो. तरी 'मांगूर' म्हणून चोरून विकला जातो.

आणि समुद्राचा मासा? घेते ना. महिन्यातून कधीतरी, आणि पापलेट-सुरमई सोडून. बांगडा आला असेल तर तो. मुंबईत 'नो युअर फिश' म्हणून काही तरुण अभ्यासकांनी पश्चिम किनाऱ्यासाठी महिन्यांचा तक्ता केलाय, कुठल्या महिन्यात कुठला मासा विणीत असतो आणि म्हणून टाळावा याचा. मराठीतही आहे. तो मी स्वयंपाकघरात लावलाय. परदेशात डब्यांवर टिकाऊ मासेमारीचे शिक्के असतात. आपल्याकडे तसला शिक्का २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना मिळाला, देशातला पहिला. पण टोपलीतल्या बोंबलावर कोण शिक्का मारणार? तिथे विचारावंच लागतं: कुठला, कधीचा, कशाने पकडला. इथल्या विक्रेत्याला सुरुवातीला हे प्रश्न विचित्र वाटले. मग त्याने पेट्यांवरची नावं वाचून सांगायला सुरुवात केली. आता मी दिसले की तो लहान पापलेटं पुढे करत नाही, आणि परवा दुसऱ्या एका बाईंनाही त्याने सांगितलं की या दिवसांत ही नका घेऊ, तळ्यातला कटला आज चांगला आहे. त्याचं नुकसान झालं नाही, त्याचा कटला खपला.

स्वस्त आणि झटपट वाढणारा मासा म्हणजे अक्षय्य, असंही समजू नकोस. केरळात २०१२ मध्ये सुमारे चार लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांवरही पोचली नाही. समुद्राचं तापमान, एल निनो, आणि पोरांसकट केलेली पकड, सगळं एकावर एक आलं. तारली परत येऊ शकते, ती त्या जातीची आहे. कॉडला ते इतकं सोपं गेलं नाही, हे तू माझ्यापेक्षा जवळून पाहतेस.

तर तुझा कॉड. १९६८ साली तिथून आठ लाख टनांच्या आसपास कॉड काढला गेला, कारखान्याएवढ्या जहाजांनी. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा लहान होत चाललाय, कमी होत चाललाय. हिशोब करणारे ऐकेनात. २ जुलै १९९२ ला बंदी आली, तीस हजारांवर लोक एका दिवसात बेकार झाले. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली बंदी २०२४ पर्यंत राहिली. बत्तीस वर्षं! सातपाटीचे लोक आज जे बोलतायत ते तिथल्या लोकांनी तेव्हा बोललेलंच आहे, आणि म्हणून तुझं पत्र वाचताना मला आपला किनारा दिसत होता. बंदी उठली, त्या वर्षी १८,००० टनांची परवानगी मिळाली, पण कळप अजून पूर्वीच्या मानाने फार लहान आहे, आणि कितीतरी शास्त्रज्ञांना ही घाई वाटली.

मी तुझ्या जागी असते तर मोठ्या दुकानातला पाकिटातला कॉड घेतला नसता. उन्हाळ्यात घरच्यापुरता दिवसाला माणशी पाच मासे धरायची मुभा असते असं तू लिहिलंस. शेजाऱ्याने गळाने धरलेला असा मासा घरी आला तर आनंदाने खा, आपल्या पद्धतीने लाल तिखटाचं कालवण कर. विकत घ्यायचाच तर छोट्या होडीवाल्याने दोरीगळाने किंवा सापळ्याने पकडलेला, आणि त्याच्याकडूनच. बाकीचे दिवस तिथले शिंपले खा. ते दोरांवर वाढवतात, त्यांना खाद्यही घालावं लागत नाही, पाणी गाळून पोट भरतात. तिसऱ्यांचं सुकं करायची हौस त्यांच्यावर भागव. ओलं खोबरं मिळत नसेल तर सुकं भाजून घे.

डिसेंबरात अलिबागला जाशील तेव्हा माझं एक काम कर. बाजारात जुन्या कोळीण मावश्यांपाशी बस आणि कुठल्या महिन्यात कुठला मासा गाबोळीला येतो ते एकेक विचारून लिहून आण. माझ्याकडचा तक्ता आहेच, पण वाम, करली, ढोमा यांच्याबद्दल त्या काय सांगतात ते मला ताडून बघायचंय. आणि येताना कोकमं आण, आगळाची बाटली मात्र नीट गुंडाळ. भावोजींना नमस्कार सांग.

तुझीच,
चंदीगडची मैत्रीण